क्रीडासंकुल बांधून झालं, पण ते उघडणार कोण?

डिसेंबर 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडासंकुलातला अपहार उघडकीला आला. महिना 13 हजार रुपये पगाराच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने संकुलाच्या बँक खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये वळते केल्याचा गुन्हा दाखल झाला. बातम्या रंगल्या त्या आलिशान गाड्यांच्या आणि फ्लॅटच्या. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल. मला खटकली ती तारीख. पैसे जुलैपासून जात होते आणि डिसेंबर उजाडेपर्यंत कोणालाही पत्ता लागला नव्हता. ज्या खात्यातून प्रशिक्षकांचे पगार, मैदानाची डागडुजी, वीजबिलं, खेळाडूंचा खुराक असा रोजचा खर्च होत असतो, तिथे एवढी रक्कम गेली तर आठवड्याभरात बोंब होते. तशी ती झाली नाही. खेळासाठी आलेला पैसा खेळापर्यंत न पोचता खात्यात पडून होता, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो.

खेळाच्या सोयींवर आपल्याकडे पैसाच खर्च होत नाही, ही तक्रार म्हणूनच अर्धी खरी आहे. बांधायला पैसा मिळतो, ती वास्तू रोज चालवायला मिळत नाही. आणि सरकारी खर्चातला सगळ्यात मोठा हिस्सा, म्हणजे जमीन, तो तर हिशोबात धरलाच जात नाही. सरकारी पैसा विरुद्ध खाजगी पैसा या वादात बोलणारे बहुतेक जण या दोन गोष्टी सोडून बोलतात.

आधी बांधकामाचं बघू. तालुका तिथे क्रीडासंकुल ही राज्याची योजना जुनी आहे. 2022 मध्ये सरकारने तालुका संकुलासाठीची अनुदान मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर नेली, जिल्ह्याची 8 कोटींवरून 25 कोटींवर आणि विभागाची 24 कोटींवरून 50 कोटींवर. वाढ गरजेची होती, कारण एका कोटीत आज धड चारशे मीटरचा ट्रॅक आणि एक हॉलही होत नाही. पण हे पैसे मुख्यतः उभारणीचे. उभं राहिल्यावर संकुल चालवायचं ते स्थानिक समितीने, स्वतःच्या उत्पन्नावर. उत्पन्न कुठून आणायचं? गाळे भाड्याने द्या, सभासद करा, हॉल कार्यक्रमांना द्या. म्हणजे खेळाच्या जागेने आपलं पोट खेळाव्यतिरिक्त काहीतरी करून भरायचं, हे योजनेतच गृहीत धरलेलं आहे.

त्याचा परिणाम कसा दिसतो? पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं संकुल मला चांगलं माहीत आहे. दर्शनी बाजूला रस्त्याकडे तोंड करून गाळे आहेत: झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, उन्हाळ्यात एक रसवंती. त्यामागे बॅडमिंटनचा हॉल. पत्र्याच्या जोडातून पावसाचं पाणी गळून लाकडी तळ फुगला आहे, त्यामुळे एका कोर्टाचा कोपरा प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून बंद केलाय. मातीच्या ट्रॅकच्या आतल्या लेनमध्ये गाजरगवत माजलेलं. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू उरलेली नाही, तळाचा मुरूम दिसतो. स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप आहे, कारण टाकीत पाणी चढवणारी मोटर जळली आणि ती दुरुस्त करायला समितीकडे पैसे नाहीत. शिपाई एकच, त्यामुळे फाटक उघडतं सकाळी सात वाजता.

सातला फाटक उघडून उपयोग काय? या संकुलाची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे ती पोरं तोवर पळून घरी गेलेली असतात. महाराष्ट्रात रोज सर्वांत जास्त धावतं कोण, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, भरतीची मुलं-मुली. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. यांतली बहुतेक शेतकऱ्यांची, शेतमजुरांची लेकरं. पहाटे साडेचार-पाचला अंधारात ती हायवेच्या कडेने धावतात. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जातात, समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर येतो. डांबरावर रोज धावून नडग्या दुखायला लागल्या की गोळी घेऊन परत धावतात. आणि त्याच रस्त्यावर, भिंतीपलीकडे, सरकारने कोटभर रुपये घालून केलेला ट्रॅक कुलपात असतो. खेळाच्या धोरणावर मोठमोठी भाषणं होतात, त्यांत या मुलांचं नाव कधी निघत नाही. ते खेळाडू नाहीत, नोकरीसाठी धडपडणारे बेरोजगार आहेत, असं आपण ठरवून टाकलंय. मला ते मुळीच मान्य नाही. माणदेशातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेला स्टीपलचेस भेटली ती सैन्यात गेल्यावर. गावाकडच्या पायांत किती ताकद आहे, हे आणखी कोणी सिद्ध करायला नको.

मग या मुलांचा खर्च करतं कोण? घरचे. खाजगी गुंतवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या आणि प्रायोजक येतात. महाराष्ट्राच्या खेळातली खरी खाजगी गुंतवणूक आईबापांनी काढलेल्या कर्जाची आहे. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचे वडील शिक्षक, मुलीच्या धनुष्यबाणासाठी त्यांनी कर्ज घेतलं होतं, आणि ती शिकली ती उसाच्या फडांमधल्या एका छोट्या खाजगी अकादमीत. सत्तर वर्षांपूर्वीही वेगळं नव्हतं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कांस्यपदक आलं, देशाला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. खाशाबांच्या गोळेश्वर गावी कुस्तीचं केंद्र उभारण्याची घोषणा सरकारने केली, ते इतकं रखडलं की 2017 मध्ये घरच्यांनी ते पदकच लिलावात काढून केंद्र बांधायची भाषा केली. यावर मला अजूनही संताप येतो.

सरकारने बांधलेलं सगळंच वाया जातं, असं मात्र म्हणता येणार नाही. पुण्यातलं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. स्पर्धा संपल्यावर अशा जागांचे सांगाडे होतात, हा जगभरचा अनुभव. बालेवाडी बरीचशी त्यातून वाचली, कारण तिथे खेळाडू राहतात, प्रशिक्षक पगारावर असतात, रोज सकाळ-संध्याकाळ सराव होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे 2009 मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे खेळाडूंच्या निवासी प्रशिक्षण संस्थेत, दाखल झाला, पुढे बालेवाडीत घडला आणि 2024 ला पॅरिसमध्ये त्याने नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. यात इमारतीचं श्रेय आहेच. पण प्रबोधिनीचं वसतिगृह, जेवण आणि वर्षानुवर्षं एकाच मुलाकडे लक्ष देणारा प्रशिक्षक, हा जो दरमहा होणारा खर्च आहे, त्याचं श्रेय जास्त. याच बालेवाडीत जून 2021 मध्ये एका बैठकीला आलेल्या बड्या मंडळींच्या गाड्या थेट ॲथलेटिक्सच्या सिंथेटिक ट्रॅकवर उभ्या राहिल्या, आणि क्रीडा आयुक्तांना माफी मागावी लागली. ट्रॅक म्हणजे काय, तो कोणासाठी आहे, याची जाण पैशाने येत नाही.

कोल्हापूरच्या तालमींमध्ये ती जाण होती, अजूनही आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान बांधलं, तेव्हा बसल्या जागेवरून प्रत्येकाला कुस्ती दिसावी म्हणून ते बशीसारखं खोलगट केलं. तो सरकारी खर्चच होता, राजाचा. पण त्या मैदानाला पैलवान पुरवणाऱ्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी टिकल्या त्या रोजच्या राबत्यावर. हौदातली लाल माती जिवंत ठेवावी लागते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात, ती रोज खणून उलटीपालटी करतात, नाहीतर ती कडक होते आणि अंगाला इजा करते. हे काम पैलवानच करतात, तो त्यांच्या मेहनतीचाच भाग. वस्ताद तिथेच राहतो. तालमीचं दार पहाटे उघडतं, कारण आत झोपलेले पैलवानच ते उघडतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून, पुण्याचं डेक्कन जिमखाना 1906 पासून उभं आहे, तेही असंच, आधी माणसं आणि मग भिंती या क्रमाने. मंडळाचा चमू 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. लोकवर्गणी, देणगीदार, थोडं सरकारी साहाय्य असा सगळा मिळून तो व्यवहार होता. खाजगी पैसा वाईट, असं माझं म्हणणं कधीच नाही.

माझा आक्षेप आहे तो जमिनीवरून, आणि इथे मुंबईबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर आहे, म्हणजे एक चटई अंथरली की संपली. विकास आराखडा 2034 मध्ये ती 4 चौरस मीटरवर न्यायचं स्वप्न आहे. अशा शहरात सार्वजनिक भूखंड सांभाळायला खाजगी संस्थांना द्यायचे, त्यांनी एका भागावर क्लबहाउस बांधायचं आणि उरलेला भाग लोकांसाठी खुला ठेवायचा, असं 'केअरटेकर' धोरण अनेक वर्षं चाललं. त्यातून राजकीय पुढाऱ्यांशी संबंधित संस्थांचे क्लब उभे राहिले. पोहण्याचे तलाव झाले, लग्नाचे हॉल झाले, सभासदत्वाची फी लाखांत गेली. 'उरलेल्या' भागाचं फाटक शोधत बाहेर क्रिकेटची बॅट घेऊन पोरं उभी. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने नवं धोरण आणलं तेव्हा मुंबईकर रस्त्यावर उतरले, मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घ्यायचं ठरलं. नागरिकांनी लढून मिळवलेला तो विजय होता, आणि तो विसरता कामा नये, कारण तशीच धोरणं नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात. पुण्यात 2021 मध्ये महापालिकेने ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायचा घाट घातला, तेव्हाही नागरिकांनाच उभं राहावं लागलं.

अशा व्यवहारात 'खाजगी संस्थेने पाच-दहा कोटी गुंतवले' असं अभिमानाने सांगतात. त्या भूखंडाची बाजारभावाने किंमत किती, हे कोणी सांगत नाही. मुंबईत ती गुंतवणुकीच्या कितीतरी पट भरेल. म्हणजे मोठा गुंतवणूकदार आपणच, नाव मात्र दुसऱ्याचं, आणि आत जायला पास लागतो तो आपल्यालाच. महालक्ष्मी रेसकोर्सचं घ्या. 211 एकर जागा 1914 पासून घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे, भाडेपट्टा संपला 2013 मध्ये. पुढची अकरा वर्षं निर्णयच नाही. 2024 मध्ये ठरलं की 120 एकर महापालिकेकडे, सेंट्रल पार्कसाठी, आणि 91 एकर क्लबकडे 2053 पर्यंत. निर्णय बरा की वाईट यावर मतं वेगवेगळी आहेत. मला 120 एकर मिळाले याचा आनंद आहे. पण क्लबकडे राहिलेल्या 91 एकरांपोटी शहर दरवर्षी नेमकं किती सोडून देतं, हा आकडा अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापला गेला पाहिजे. देशातल्या सर्वांत श्रीमंत खेळाबाबतही तेच. क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क सरकारने 2023 मध्ये कमी केलं, तेही 2011 पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सूट हाही खर्चच आहे. तो अनुदान या शीर्षकाखाली दिसत नाही, म्हणून त्यावर चर्चा होत नाही.

ज्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलं त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम झालं, नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघटनेने जामठ्याला, पुण्याच्या बाजूला महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने गहुंज्याला स्टेडियम बांधलं. त्यांनी तिकिटं लावावीत, प्रायोजक आणावेत. गल्लोगल्ली निघालेल्या टर्फचंही तसंच. पिंपरी-चिंचवडपासून नाशिकपर्यंत रिकाम्या प्लॉटवर हिरवा गालिचा, चारी बाजूंनी जाळी, वर फ्लडलाइट, आणि ताशी हजार-बाराशे रुपये. रात्री अकरालाही तिथे दहा-बारा जण फुटबॉल खेळत असतात. लोकांना खेळायचंय, त्यासाठी ते खिशातून पैसे काढायला तयार आहेत, याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण वर्गणी काढून हजार रुपये जमवणं आयटीतल्या तरुणांना जमतं. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बारा वर्षांच्या मुलाला नाही. टर्फवाल्याने त्याची जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षाही चुकीची. ती महापालिकेची आहे. आणि ज्या शहरात महापालिकेचं मैदान नसतं तिथे त्या मुलाचा खेळ तासाच्या भाड्यावर अडतो.

सरकारला चालवता येत नाही, म्हणून चालवायला खाजगी ठेकेदाराला द्या, हा युक्तिवाद मी मनापासून ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे. महापालिकांचे पोहण्याचे तलाव ठेकेदाराकडे गेल्यावर पाणी निवळ झालं, वेळा पाळल्या गेल्या, असा अनुभव अनेकांना आहे. ठेका द्यायला हरकत नाही. करारात लिहा की सकाळी अमुक ते अमुक आणि संध्याकाळचे दोन तास महापालिका शाळांची मुलं फुकट, मुलींची वेळ वेगळी, आणि हे मोडलं तर ठेका रद्द. आज बहुतेक करारांत ठेकेदाराने पालिकेला किती द्यायचं हे बारकाईने असतं आणि त्याने लोकांना किती वेळ द्यायचा हे मोघम असतं.

मुलींचा उल्लेख मी मुद्दाम केला. पाण्याचं स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, अंधार पडल्यावर दिवा आणि एक बाई कर्मचारी, या चार गोष्टी नसल्या की दहावीनंतर मुलगी मैदानावर येत नाही. घरचे पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. पन्नास कोटींच्या विभागीय संकुलाच्या तुलनेत या चार गोष्टींचा खर्च नगण्य आहे. पण त्याचं उद्घाटन होत नाही, कोनशिला बसत नाही, आणि म्हणूनच तो मागे पडतो.

माझी मागणी अशी आहे. संकुलाला मंजूर होणाऱ्या दर पाच कोटींपैकी किमान एक कोटी बांधकामात न घालता मुदत ठेवीत टाकावा आणि त्याच्या व्याजातून पहारेकरी, माळी, दिवे, पाणी यांचा खर्च भागवावा. ठेवीचा हिशोब दर तीन महिन्यांनी फाटकावर लावावा, म्हणजे पाच महिने कोणाला पत्ता नाही असं होणार नाही. क्रीडासंकुलाच्या वार्षिक अहवालात आधी किती तास उघडं होतं आणि किती जण आले ते छापावं, किती बांधलं ते नंतर. सवलतीने दिलेल्या प्रत्येक सार्वजनिक जमिनीचं बाजारभावाचं भाडं आणि प्रत्यक्ष भाडं शेजारीशेजारी अर्थसंकल्पात दाखवावं. यात कायदा बदलायचीसुद्धा गरज नाही.

आणि सगळ्यात स्वस्त सोय तर आधीच तयार आहे: शाळांची मैदानं. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान हवंच. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या हजारो शाळांना ते आहे, आणि शाळा सुटली की त्याला कुलूप लागतं. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ती मैदानं वस्तीतल्या मुलांना उघडी ठेवायची, गावातल्याच एखाद्या बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेल्या बेरोजगार तरुणाला मानधनावर तिथे उभं करायचं, दोन दिवे लावायचे. मुख्याध्यापक म्हणतील, नुकसान झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. ती जबाबदारी ग्रामपंचायतीने किंवा प्रभाग समितीने लेखी घ्यावी, आणि फुटलेल्या काचांचे पैसे शाळेला वेळेवर द्यावेत. काचा फुटतील. त्यासाठीही थोडी तरतूद ठेवायला हवी.